न घेतलेलं रीडिंग

बाई, गेल्या आठवड्यात मी पुन्हा चार दिवसांचे रकाने एकदम भरले. कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाही, ती हिंमत तुम्ही तीस वर्षांपूर्वीच काढून घेतलीत. या वेळी वही लेकीने दिलेली होती, आणि रकाने होते चालणं, झोप, जेवताना फोन बाजूला, आणि शेवटचा जरा मोठा, 'आजची एक बरी गोष्ट'. मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे चारही दिवस मी शुक्रवारी संध्याकाळी डायनिंग टेबलापाशी बसून पाच मिनिटांत उरकले. मंगळवारी चाळीस मिनिटं चालले, बुधवारी पस्तीस, कारण रोज चाळीस लिहिलं तर संशय येईल. गुरुवारी फुलपाखरू पाहिलं. बोईसरला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या दांडीवर म्हणे फुलपाखरू! लिहून झाल्यावर वही लांब धरून पाहिली, अक्षर सुरेख आलं होतं, ओळी सरळ होत्या, आणि तेवढ्यात तुमचा आवाज ऐकू आला, "पान एवडं कोरडं कसं गं?" म्हणून आज लिहायला बसले आहे.

वही कशी आली ते आधी सांगते. दिवाळीत लेक पुण्याहून चार दिवसांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी परत निघाली. भांडण असं काही झालं नव्हतं. सकाळी तिने हौसेने पोहे केले, मी म्हटलं, मीठ कमी आहे. मग म्हटलं, कढई तशीच ठेवू नकोस. मग म्हटलं, केस किती गळतायत तुझे, काही खातेस की नाही. ती शांतपणे बॅग भरायला लागली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "आई, मी दार उघडून आत आले ना, की तू आधी माझ्या चपला बघतेस. नीट काढल्यात का ते. तुला चांगलं काही दिसतच नाही गं. घरी यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो." माझा नवरा तिला सोडायला स्टेशनवर गेला. मी मागे उरले आणि, खरं सांगते, पहिलं काम केलं ते कढई घासायचं. घासताना मात्र हात चालेना. आमच्या आईच्या घरी जाताना माझ्या पोटात कधीच गोळा आला नव्हता. कुंभवलीतली ती एक खोली, वडील कारखान्यातून येताना अंगाला रंगाचा वास घेऊन येत, जागा एवढी कमी की चपला कुठेही काढा, त्या कोणाच्या तरी पायात यायच्याच. तरी घरी जावंसं वाटायचं. माझ्या मुलीला वाटत नाही, आणि ते माझ्यामुळे, हे तिने तोंडावर सांगितलं तेव्हा मला कळलं.

तीन महिन्यांनी पार्सल आलं. आत ही वही, हाताने आखलेली, आणि एक चिठ्ठी: 'ही तुझी, अशीच एक माझ्याकडे आहे. दोघी भरू. होळीला येईन तेव्हा बदलून वाचू.' म्हणजे येणार होती. ती वही मी देवासमोर ठेवायची तेवढी बाकी राहिली. नवरा चष्मा वर करून रकाने वाचत म्हणाला, "यात नवऱ्याशी गोड बोलणे असा रकाना नाही का? तो मी तपासला असता." मी म्हटलं, जागा उरली नाही.

बाई, माझी अडचण तुम्हाला समजेल, कारण धंदा एकच. तीस वर्षं मी कंपनीच्या लॅबमध्ये बाटलीतल्या नमुन्यात काय चुकलंय तेच शोधते आहे. कोणी बाटली आणून ठेवली की आत काय नसायला हवं होतं ते बघायचं, सापडलं की लाल शेरा मारायचा. डोळ्याला ती सवय लागली आणि घरी येताना डोळा काढून लॅबमध्ये ठेवता येत नाही, असं मी स्वतःला समजावत होते. मग आठवलं की तुम्हीही तेच काम केलंत, माझ्याहून जास्त वर्षं, आणि तुमच्या दारात कोणाच्या पोटात गोळा आला नाही.

पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पहिल्या दिवशी मी तुम्हाला मॅडम म्हटलं. तुम्ही ब्यूरेटच्या नळीवरची नजर न काढता म्हणालात, "मॅडम सायबाच्या बायकोला म्हन. मला बाई म्हन. तीन वर्सं शालेत शिकवलंय मी." साहेबांशी तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात आणि आमच्याशी तुमच्या वाडीवरचं. तुमच्या टेबलावर तडा गेलेल्या बीकरमध्ये रोज एक सोनचाफ्याचं फूल असायचं. सगळ्या लॅबला आम्लाचा वास आणि त्या अर्ध्या फुटात चाफ्याचा. मी मनात म्हणायचे, कंपनीचं बीकर फुलदाणी म्हणून वापरतात, नियमात बसतं का हे? पाहा, एकविसाव्या वर्षीही मी हीच होते.

दुपारी आपण चौघी मागच्या बदामाच्या झाडाखाली डबे खायचो. लॅबमध्ये पंखा होता, झाडाखाली नव्हता, तरी तुम्ही सगळ्यांना उठवून बाहेर काढायचात. जेवताना कंपनीचा विषय बंद. आणि डबा उघडायच्या आधी तुमचा तो ठरलेला प्रश्न, एकेकीला, "आज काय बरं बगितलंस?" कोणी सांगायची, टमटममध्ये एक बाई कोंबडीला मांडीवर घेऊन बसली होती आणि कोंबडी झोपली होती. कोणी सांगायची, गेटवरच्या वॉचमनने आज दाढी केली आहे. कालचं आज सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. माझी पाळी आली की मी म्हणायचे, काही नाही. तुम्ही रागावत नव्हतात. "उद्या बग," म्हणायचात आणि तुमच्या डब्यातल्या बोंबलाचा तुकडा माझ्या झाकणावर ठेवायचात. मला तो प्रश्न बालिश वाटायचा. मोठ्या बाईने रोज असं काय विचारायचं? आता लेकीच्या वहीतला चौथा रकाना पाहते तर तुमचाच प्रश्न, फक्त छान अक्षरात.

आणि मग तो उन्हाळ्यातला दिवस. बॉयलरच्या पाण्याचं रीडिंग दर दोन तासांनी घ्यायचं असतं. बाटली घेऊन अख्खं आवार ओलांडायचं, गरम पाणी भरायचं, तिथेच निववून पीएच बघायचा आणि रजिस्टर हातावर टेकवून आकडा लिहायचा. मे महिन्यातलं ते ऊन! मी सकाळचं एक रीडिंग नीट घेतलं आणि पुढची तीन पंख्याखाली बसून लिहिली. दहा पॉइंट आठ, दहा पॉइंट सात, पुन्हा दहा पॉइंट आठ. पाण्यात एवढा फरक पडतोच कधी? तुम्ही सही करायला रजिस्टर उघडलंत, पानावरून बोटं फिरवलीत आणि विचारलंत, "पान एवडं कोरडं कसं गं?" मला कळेना. तुम्ही मागची पानं उलटून दाखवलीत. प्रत्येक पानावर ओल्या बोटांचे ठसे, थेंब पडून फुगलेली शाई, कुठे काजळी, वेड्यावाकड्या ओळी, कारण आकडा उभ्याने लिहिलेला. माझं पान एखाद्या लग्नाच्या पत्रिकेसारखं स्वच्छ होतं. मी रडायच्या बेतात आले. नोकरी जाणार, वडील काय म्हणतील, सगळं डोळ्यांसमोर. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "रीडिंग नाय घेतलं तर नाय लिवायचं, पोरी. रेग मारायची आन सही करायची. रेग खोटी नसते." माझ्याकडून त्या तीन आकड्यांवर रेघ मारून घेतलीत, बाजूला 'रीडिंग घेतलं नाही' असं लिहून घेतलंत, खाली माझी सही, शेजारी तुमची. मग रजिस्टर मिटलंत, बाटली माझ्या हातात दिलीत, छत्री उघडलीत आणि म्हणालात, "चल." आपण दोघी एका छत्रीतून बॉयलरपर्यंत गेलो. वाटेत तुम्ही एका शब्दाने उपदेश केला नाहीत. पाइपच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं, तिथे साळुंक्या अंघोळ करत होत्या, तेवढं दाखवलंत. दुसऱ्या दिवशी बदामाखाली माझी पाळी आली तेव्हा मी साळुंक्या सांगितल्या. तुम्ही म्हणालात, "कालचं नाय चालत." सगळ्या हसल्या, मीही हसले.

आता परवाचं. शनिवारी लेक आली. मी दारातच ठरवून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चपलांकडे नाही. चेहरा सुकलेला होता, ते बोलून दाखवायचं मी गिळलं. गिळताना किती त्रास झाला ते माझं मला माहीत. दुपारची जेवणं झाली आणि तिने हसत हसत आपली वही काढली, माझी मागितली. वीस वर्षं ऑडिटला तोंड देणारी बाई मी, पण त्या वहीपुढे माझं अवसान गळालं. तिने माझी वही वाचायला घेतली, मी तिची.

पहिल्या आठवड्याची पानं चुरगळलेली होती, एका पानावर कॉफीचा गोल, एक ओळ पेन्सिलने लिहिलेली. 'आज ऑफिसमधून चालत आले. पाय दुखले.' 'आज काहीच बरं नव्हतं, फक्त आंघोळीचं पाणी गरम होतं.' आणि त्यानंतर पाच आठवडे एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाचं, एकसारखं झुकलेलं अक्षर. रोज सात तास झोप. रोज तीस मिनिटं. 'आज सूर्यास्त पाहिला.' 'आज मैत्रिणीशी मनसोक्त बोलले.' मी पानावरून बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. माझ्या लेकीने पाच आठवडे एका बैठकीत भरले होते, बहुतेक येताना बसमध्ये बसायच्या आधी. मी मान वर केली. ती माझं फुलपाखरू वाचत होती आणि मोठ्या कौतुकाने हसत होती. विश्वास बसला होता तिचा, बाई. माझं खोटं तिला खरं वाटलं आणि तिचं खोटं मला लगेच कळलं, कारण तुम्ही ते मला शिकवून ठेवलं होतं.

तोंडावर आलं होतं, हे काय गं, खोटं का लिहिलंस? तीस वर्षांचा लाल शेरा ओठांपर्यंत आला. मग मला ती छत्री आठवली. मी दोन्ही वह्या मिटल्या आणि म्हटलं, "चल." "कुठे? आत्ता?" "चल म्हटलं ना." नवऱ्याने गाडीची किल्ली पुढे केली आणि चक्क एकही टोमणा मारला नाही.

आम्ही मासवणला नदीवर गेलो. मनोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती, पण आत वळलं की लगेच शांत होतं. सूर्या नदीला या दिवसांत पाणी कमी, दगड उघडे पडलेले. होळीचं लाकूड गोळा करून गावातली माणसं वर चालली होती. एक म्हातारी पाण्यात पाय सोडून बसली होती. तिने आम्हाला विचारलं, "कुठशा आल्या? पानी पायला?" मी हो म्हटलं. "मग पाय टाका ना, बगून काय व्हतंय," ती म्हणाली. आम्ही दोघींनी चपला काढल्या. लेकीने एक इकडे, एक तिकडे काढली. मी माझ्याही तशाच काढल्या. तिच्या ते लक्षात आलं, कारण ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली.

पाय पाण्यात असताना मी सांगितलं, "फुलपाखरू नव्हतं." मग मी चारही दिवस कबूल केले, आणि त्या उन्हाळ्यातल्या तीन रीडिंगांची गोष्टही पहिल्यांदाच सांगितली. ती ऐकता ऐकता रडायला लागली. म्हणाली, "माझं तर पाच आठवड्यांचं आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." मग तिने खरं सांगितलं. झोप येत नाही, कामात मन नाही, जिच्याशी मनसोक्त बोलले असं लिहिलं ती मैत्रीण सहा महिन्यांपूर्वीच पुणं सोडून गेली. वही तिने स्वतःसाठीच आखली होती. एकटीला जमेना म्हणून दुसरी आखून मला पाठवली. मी इतके आठवडे समजत होते की माझी तपासणी चालली आहे. मी तिला सल्ला दिला नाही, बाई, तुमची शपथ. तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आज काय बरं बघितलंस?" ती नाक पुसत म्हणाली, "तुझ्या चपला."

रात्रीचं जेवण आम्ही तिघांनी फोन बेडरूममध्ये ठेवून केलं. आमटीचा एक थेंब माझ्या वहीवर पडला, तो मी पुसला नाही. न भरलेल्या दिवसांवर आम्ही दोघींनी रेघा मारल्या आणि एकमेकींच्या सह्या घेतल्या. काल ती गेली, तेव्हा पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाली, मी विचारायच्या आधीच. आज सकाळी मी स्टँडपर्यंत चालत गेले, खरंच, सतरा मिनिटं लागली, आणि गुडघा दुखला, तेही लिहिलं. जगात मोठा फरक काही पडलेला नाही. पण आज लॅबमध्ये ट्रेनी मुलगी बाटली घेऊन आली तेव्हा मी आधी तिला बस म्हटलं, मग बाटली पाहिली.

हे सगळं इतकं सरळ लिहून झालं, आता जे लिहायचं ते अवघड आहे. नदीवरून परत निघताना लेक म्हणाली, "तुझ्या बाई किती ग्रेट होत्या गं. शेवटच्या भेटीत त्यांनी तुला चिकू दिले होते ना? आणि म्हणाल्या होत्या, खूश राहा." मी हो म्हटलं.

बाई, तुम्ही आजारी असताना लॅबच्या फोनवर मला म्हणाला होतात, "चिकू उतरवलेत, पेंड्यात घातलेत, रविवारपर्यंत पिकतील, ये." मी येते म्हटलं. तुमची वाडी बोईसरपासून किती लांब, टमटमने अर्धा तास. त्या रविवारी मी उशांचे अभ्रे धुतले, कपाट आवरलं, आणि वाटलं पुढच्या रविवारी जाऊ. पुढचा रविवार तुम्हाला मिळाला नाही. तेराव्याला तुमच्या भावजयीने सांगितलं, "तुज्यासाटी चिकू बाजूला ठेवलेले तिनं, कोनाला हात लावू दिला नाय." लॅबमधल्या बायकांनी विचारलं, भेट झाली होती का गं शेवटची? मी म्हटलं, हो, जाऊन आले. एवढाच एक आकडा होता. मग त्याला जुळणारे पुढचे लिहावे लागले. तुम्ही खाटेवर बसून होतात, मला ओळखलंत, चिकू दिलेत, 'खूश राहा' म्हणालात. सोळा वर्षं मी ही भेट सांगत आले आहे, प्रत्येक नव्या मुलीला, स्वतःच्या लेकीला, आणि दर वेळी ती जास्त सुरेख होत गेली. त्या भेटीत तुम्ही तुमच्या बोलीतही बोलत नाही. 'खूश राहा' असं तुम्ही कधी म्हणाला असतात का?

लेकीला हे अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, लेकीने दिलेल्या वहीत शेवटच्या पानामागे ठेवीन म्हणते, तेही धीर झाला तर. तुम्ही वाट पाहत होतात आणि मी अभ्रे धूत होते, याची मला लाज वाटते, बाई, आजही. त्या रविवारच्या रकान्यावर आज रेघ मारते. मी आले नाही. खाली माझी सही आहे, शेजारची जागा तुमची.